रजिस्ट्रीतील बायनरी नोंदी पॉवरशेलमध्ये वाचताना या चुका टाळा

विंडोज रजिस्ट्रीतील (विंडोज आणि प्रोग्रॅम आपल्या सेटिंग्ज जिथे ठेवतात त्या साठ्यातील) 'रेग_बायनरी' प्रकारची नोंद पॉवरशेलने, म्हणजे विंडोजच्या स्क्रिप्टभाषेने, वाचली की हाती मजकूर येत नाही; ० ते २५५ या दरम्यानच्या संख्यांची, म्हणजे बाइटांची, एक रांग (अ‍ॅरे) येते, आणि तिचा अर्थ कसा लावायचा हे रजिस्ट्रीत कुठेही लिहिलेले नसते. ज्या प्रोग्रॅमने ती नोंद केली, त्याच्यापुरतीच तिची रचना ठरलेली असते. रूपांतराच्या बहुतेक स्क्रिप्ट नेमक्या इथे फसतात, कारण आत मजकूर आहे आणि तो रोमन लिपीतलाच आहे, अशी दोन गृहीतके न तपासता धरलेली असतात.

प्राथमिक चूक थोडक्यात सांगतो. मिळालेला अ‍ॅरे थेट 'टूस्ट्रिंग'ला दिला, तर पडद्यावर फक्त 'सिस्टम.बाइट[]' एवढेच उमटते, आणि 'जॉइन'ने जोडला तर दशमान आकड्यांची माळ मिळते. आधी 'गेट-आयटम'ने 'की' (नोंदी ठेवणारा रजिस्ट्रीतील कप्पा) उघडून 'गेटव्हॅल्यूकाइंड'ने नोंदीचा प्रकार पाहावा आणि मग 'बिटकन्व्हर्टर'च्या 'टूस्ट्रिंग'ने बाइट षोडशमान (० ते ९ आणि ए ते एफ या सोळा चिन्हांच्या) रूपात डोळ्यांखालून घालावेत. या दोन ओळींचा कंटाळा केला, तर पुढे तासन्‌तास जातात.

शून्ये गाळण्याची युक्ती

नुकत्याच उघडलेल्या फायलींची नावे विंडोज सध्याच्या वापरकर्त्याच्या शाखेत, एक्सप्लोररच्या 'रीसेंटडॉक्स' या कीखाली, ०, १, २ अशा क्रमांकांच्या बायनरी नोंदींत ठेवते. प्रत्येक नोंदीच्या आरंभी फायलीचे नाव यूटीएफ-१६ लिटल एंडियन या एन्कोडिंगने (अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीने) लिहिलेले असते, म्हणजे सामान्यतः एका चिन्हाला दोन बाइट आणि त्यांतला कमी किमतीचा बाइट आधी. रोमन अक्षरांचा दुसरा बाइट शून्य असल्यामुळे, संपूर्ण अ‍ॅरे 'अ‍ॅस्की' (फक्त रोमन अक्षरे, अंक आणि खुणा यांचे जुने एन्कोडिंग) समजून वाचायचा आणि मधली शून्ये 'रिप्लेस'ने काढून टाकायची, ही युक्ती स्क्रिप्टमधून स्क्रिप्टमध्ये उतरवली जाते. ती चालते असे वाटते, आणि हाच तिचा खरा दोष आहे.

फायलीचे नाव 'अहवाल' असेल, तर बाइट येतात ०५ ०९ ३९ ०९ ३५ ०९ ३ई ०९ ३२ ०९. इथे गाळायला शून्यच नाही. 'अ‍ॅस्की'च्या नजरेने ०९ म्हणजे टॅब, ३९ म्हणजे ९ हा अंक, ३५ म्हणजे ५, ३ई म्हणजे 'पेक्षा मोठे' हे चिन्ह आणि ३२ म्हणजे २; त्यामुळे नावाच्या जागी टॅबने विलग झालेले काही अंक आणि एक खूण दिसते, मागोमाग फायलीचे रोमन विस्तारनाम मात्र सुखरूप उमटते. 'यूटीएफ८' हे दुसरे एन्कोडिंग लावून पाहिले तरी निष्पत्ती तीच, आणि त्रुटीचा संदेशही येत नाही, कारण देवनागरीच्या मूळ विभागातील चिन्हांचे यूटीएफ-१६ मधील दोन्ही बाइट ८० षोडशमानाच्या खाली असतात आणि म्हणून 'यूटीएफ८'ला ते पूर्णपणे वैध भासतात. इंग्रजी नावांवर तपासलेली स्क्रिप्ट मराठी नावांच्या संगणकावर एकही तक्रार न करता खोटे उत्तर देते ती यामुळेच. दर दुसऱ्या जागी ०९ दिसू लागला की समोर देवनागरी यूटीएफ-१६ आहे असे ओळखावे आणि डॉटनेटच्या (पॉवरशेल ज्यावर उभे आहे त्या मायक्रोसॉफ्टच्या मंचाच्या) 'एन्कोडिंग' वर्गातील 'युनिकोड' हा पर्याय घेऊन 'गेटस्ट्रिंग' वापरावे. त्या वर्गात 'युनिकोड' या नावाचा अर्थ यूटीएफ-१६ लिटल एंडियन असाच आहे.

मजकूर कुठे संपतो

एन्कोडिंग बरोबर निवडले तरी नावाच्या शेपटाला विचित्र चिन्हे लटकलेली दिसतात, कारण 'रीसेंटडॉक्स'च्या नोंदीत नावानंतर दोन शून्य बाइट आणि त्यापुढे शेलची (डेस्कटॉप व फोल्डर दाखवणाऱ्या विंडोजच्या भागाची) स्वतःची बायनरी माहिती असते. पहिल्या शून्य बाइटपाशी थांबल्यास इंग्रजी नावाचे एकच अक्षर हाती लागते. लागोपाठ दोन शून्ये जिथे सापडतील तिथे थांबणेही चुकीचे आहे: शेवटचे अक्षर रोमन असेल तर त्याचा स्वतःचा शून्य आणि समाप्तीचा पहिला शून्य मिळून जोडी एक घर आधीच जुळते, आणि अखेरचे अक्षर अर्धे कापले जाते. रोमन लिपीत मराठी नावे लिहिताना दीर्घ 'आ'साठी डोक्यावर रेघ असलेले मोठे अक्षर वापरणाऱ्यांच्या बाबतीत तर मजकुराच्या मध्येच घोटाळा होतो, कारण त्या अक्षराचे बाइट ०० ०१ आहेत आणि आधीची मोकळी जागा २० ०० अशी असते. उपाय साधा आहे. गणक दोन-दोनने वाढवावा, सम स्थानावरील बाइट आणि त्याचा पुढचा बाइट दोन्ही शून्य असतील तेव्हाच थांबावे, आणि 'गेटस्ट्रिंग'ला अ‍ॅरे, आरंभस्थान ० व ती लांबी असे तीन घटक द्यावेत.

आत मजकूर नसतो तेव्हा

त्याच कीमधील 'एमआरयूलिस्टईएक्स' ही नोंद कोणत्याही एन्कोडिंगने वाचली तरी कचराच मिळेल, कारण ती चार-चार बाइटांच्या पूर्णांकांची यादी आहे. 'बिटकन्व्हर्टर'च्या 'टूइंट३२'ने वाचल्यास सर्वांत अलीकडच्या नोंदीचा क्रमांक आधी येतो आणि यादी -१ वर संपते.

वेळेच्या नोंदी अधिक फसव्या आहेत. संगणक शेवटी कधी बंद झाला हे सांगणारी 'शटडाउनटाइम' आठ बाइटांची असून ती १ जानेवारी १६०१ पासूनचे शंभर नॅनोसेकंदांचे तुकडे आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत मोजते. 'टूइंट६४'ने संख्या काढून ती 'फ्रॉमफाइलटाइम'ला दिली तर स्थानिक वेळ मिळते, 'फ्रॉमफाइलटाइमयूटीसी'ला दिली तर भारतात साडेपाच तास मागे दिसते. याउलट नेटवर्क प्रोफाइलमधील 'डेटक्रिएटेड' सोळा बाइटांची असते: दोन-दोन बाइटांत वर्ष, महिना, वार, दिनांक, तास, मिनिट, सेकंद आणि मिलिसेकंद. ई८ ०७ म्हणजे २०२४. महिन्यानंतर वार येतो हे विसरल्यास दिनांक चुकतो, आणि ही वेळ आधीच स्थानिक असल्यामुळे तिच्यात साडेपाच तास मिळवू नयेत.

आरंभी ०१ ०० ०० ०० डी० ८सी ९डी डीएफ दिसले तर रूपांतराचा नाद सोडावा. तो विंडोजच्या डेटा संरक्षण यंत्रणेने कूटबद्ध केलेला ऐवज असतो. त्यावर एन्कोडिंगचा काहीच इलाज चालत नाही.

बरोबर वाचले, लिहिताना बिघडले

कन्सोलवर चौकोन दिसले म्हणून रूपांतर चुकले असे लगेच मानू नये, कारण जुन्या कन्सोलला देवनागरी नीट दाखवता येत नाही. स्ट्रिंगमधील चिन्हांचे युनिकोड क्रमांक छापून खात्री करावी. 'अ'साठी ०९०५ आला की वाचन बरोबर आहे. मात्र विंडोज पॉवरशेल ५.१ मधील 'एक्सपोर्ट-सीएसव्ही' ही तक्ता फायलीत उतरवणारी आज्ञा मुळात 'अ‍ॅस्की'त लिहिते, त्यामुळे नीट वाचलेल्या मराठी नावांची फायलीत प्रश्नचिन्हे होतात आणि ती परत मिळवता येत नाहीत. 'एन्कोडिंग' या घटकाला 'यूटीएफ८' द्यावे. पॉवरशेल ७ मध्ये तेच मूल्य आरंभखुणेविना (फायलीचे एन्कोडिंग सांगणाऱ्या सुरुवातीच्या बाइटांविना) लिहिते, म्हणून फाइल एक्सेलमध्ये थेट उघडायची असेल तर तिथे 'यूटीएफ८बीओएम' द्यावे.