‘रोहस’च्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी : भोसरीतली माझी बारा वर्षं

आमच्या वेव्ह सोल्डरिंगच्या पॉटमध्ये, म्हणजे ज्या टाकीतल्या वितळलेल्या धातूच्या लाटेवरून सर्किट बोर्ड नेऊन जोड करतात तिच्यात, तीनशे किलो सोल्डर मावतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यात रात्रपाळीला एक किलोचा एक बार चुकीचा पडला. पॉट शिसेविरहित, आणि बार जुना, ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसं असलेला. हिशेब मांडून बघा. ३७० ग्रॅम शिसं तीनशे किलोत विरघळलं की प्रमाण होतं सुमारे १,२०० पीपीएम (दहा लाख भागांत १,२०० भाग). ‘रोहस’ या घातक पदार्थांवरच्या नियमांत मर्यादा १,००० ची. एका बारने सगळा पॉट बाद झाला आणि त्या रात्रीचे सगळे बोर्ड अडकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नमुन्याचा जोड एक्सआरएफ यंत्राखाली, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राखाली, ठेवला तेव्हा हे मला दिसलं. आधी यंत्रच बिघडलंय असं वाटलं, म्हणून प्रमाणित नमुना लावून पाहिला. यंत्र बरोबर होतं. रात्रपाळीचे काका दुपारी स्वतःहून भेटायला आले. म्हणाले, “मॅडम, बार मीच टाकला. पण दोन्ही चंदेरीच. बघून काय कळणार?” त्यांचं खरं होतं. जुन्या ग्राहकाच्या दुरुस्तीच्या कामासाठी ठेवलेले शिशाचे बार त्याच मांडणीवर, त्याच खोक्यांत होते. चूक मांडणीची होती, आणि ती मांडणी तपासणं माझं काम होतं. त्या आठवड्यात शिशाचं सगळं सामान वेगळ्या कपाटात कुलपाखाली गेलं, टोकांना लाल रंग लागला, आणि मला माझी नोकरी नेमकी काय आहे ते समजलं.

मी पुणे विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. वर्गातल्या बहुतेकांनी औषध कंपन्यांची वाट धरली. मी भोसरी एमआयडीसीत, वॉशिंग मशीन आणि मिक्सरचे कंट्रोल बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात आले. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात केमिस्टला काय काम, हा प्रश्न तेव्हा घरच्यांनी विचारला होता आणि आज मुलाखतीला येणारी मुलं मला विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

युरोपीय संघाचा ‘रोहस’ निर्देश १ जुलै २००६ पासून लागू झाला. त्यात सहा पदार्थांवर मर्यादा होत्या : शिसं, पारा, कॅडमियम, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप), आणि प्लास्टिकला आग लागू नये म्हणून मिसळली जाणारी ब्रोमिनची दोन कुळं, पीबीबी आणि पीबीडीई. कॅडमियमला ०.०१ टक्के, बाकी सगळ्यांना ०.१ टक्के, म्हणजे १,००० पीपीएम. २०११ मध्ये निर्देश नव्याने आला आणि युरोपात विकायच्या वस्तूंवरच्या सीई चिन्हाला जोडला गेला. २२ जुलै २०१९ पासून चार थॅलेटची, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनांची, भर पडली. आपल्याकडे ई-कचऱ्याच्या नियमांत मूळचे सहा पदार्थ त्याच मर्यादांसह आहेत. ती अट १ मे २०१४ पासून लागू झाली, आणि आज २०२२ चे नियम चालतात. इतकं पाठ करायला एक संध्याकाळ पुरते.

वेळ लागतो तो पुढच्या गोष्टीला. ही ०.१ टक्के कशाची? नवा माणूस हमखास म्हणतो, “वस्तूच्या वजनाची.” तसं नाही. ती एकजिनसी पदार्थाची आहे. कापून, खरवडून, घासून, स्क्रू काढून ज्याचे आणखी वेगळे पदार्थ करता येत नाहीत, तो एकजिनसी पदार्थ. एक साधी वायर घ्या. आतलं तांबं एक, त्यावरचा कथिलाचा मुलामा दुसरा, पीव्हीसीचं आवरण तिसरा, आवरणावर छापलेली शाई चौथा. शाईत शिसं जास्त असेल तर वायर नापास, आणि वायर नापास म्हणजे अख्खं मशीन नापास. बाकीचं मशीन कितीही शुद्ध असो, त्याने सरासरी काढता येत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की वस्तूकडे बघण्याची नजरच बदलते. मी अजूनही पीएमपीएमएलच्या बसमध्ये बसले की समोरच्या दांडीवरचा मुलामा, रबर, स्टिकरचा गोंद असं वेगळं वेगळं बघत असते.

२००१ च्या अखेरीस नेदरलँड्सच्या अधिकाऱ्यांनी सोनीचे सुमारे १३ लाख प्लेस्टेशन गेम-संच अडवले होते. ‘रोहस’ तेव्हा आलेलाही नव्हता, त्यांच्या देशाचा कॅडमियमचा कायदा होता. कॅडमियम सापडलं केबलमध्ये. संचाची चिप, रचना, सॉफ्टवेअर सगळं उत्तम, आणि माल अडला वायरीपायी. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हीच घटना सांगते, कारण पुरवठादारांची साखळी किती खोलवर तपासायची, याचं उत्तर तिच्यात आहे.

आता कागदांबद्दल. तुमचा निम्मा दिवस पुरवठादारांच्या जाहीरनाम्यांत जाणार आहे, याची तयारी ठेवा. बीओएममध्ये, म्हणजे वस्तूच्या सुट्या भागांच्या यादीत, चारशे भाग असतील तर चारशे भागांचा पुरावा लागतो. पदार्थ ओळखायचा तो सीएएस क्रमांकावरून. व्यापारी नावं दहा असतात, क्रमांक एकच. शिशाचा ७४३९-९२-१, डीईएचपी या थॅलेटचा ११७-८१-७. आधार कार्डासारखंच समजा. चाचणी अहवाल हातात आला की निकालाच्या आधी त्यातला फोटो आणि नमुन्याचं वर्णन बघा. कितीतरी अहवाल भलत्याच रंगाच्या प्लास्टिकचे असतात, किंवा पाच भाग एकत्र कुटून केलेले. तारीख बघा. थॅलेट तपासलेत का बघा. “आमचा माल रोहस आहे” असं लेटरहेडवर लिहिलेलं एक वाक्य पुरावा ठरत नाही, पुरवठादार कितीही जुना आणि सज्जन असला तरी.

जुन्या आणि सज्जन पुरवठादाराचाच एक अनुभव सांगते. आमच्याकडे पिवळ्या झिंकचे स्क्रू यायचे, जवळच्याच एका छोट्या प्लेटिंगवाल्याकडून. झिंकवर गंज येऊ नये म्हणून क्रोमेटचा थर देतात, आणि पारंपरिक पिवळ्या थरात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतं. हे कर्करोगकारक आहे. आणि जो दिवसभर त्याच्या टाकीपाशी उभा असतो त्या कामगाराला त्याचा धोका आमच्या ग्राहकापेक्षा कितीतरी जास्त. पुरवठादाराने ट्रायव्हॅलंटवर, म्हणजे क्रोमियमच्या कमी घातक रूपावर, गेल्याचं लिहून दिलं होतं. एक्सआरएफने इथे काही कळत नाही, कारण ते यंत्र एकूण क्रोमियम दाखवतं, कुठल्या रूपातलं ते सांगत नाही. रंगावरूनही कळत नाही, ट्रायव्हॅलंट थराला पिवळा रंग देता येतो. मग जुनी ओली रसायनशास्त्राची पद्धत : ठरावीक पृष्ठभागाचे स्क्रू पाण्यात उकळायचे, पाणी गार झालं की त्यात डायफेनिलकार्बाझाइड घालायचं. हेक्झाव्हॅलंट असेल तर पाणी जांभळट गुलाबी होतं. आमचं झालं. त्याची मोजणीही पीपीएममध्ये नसते, प्रत्येक चौरस सेंटिमीटरला किती मायक्रोग्रॅम अशी असते, ०.१३ च्या वर गेलं की ‘आहे’ म्हणायचं.

मी स्वतः त्या प्लेटिंगवाल्या काकांकडे गेले. त्यांनी नवं रसायन खरंच आणलं होतं. पण छोटी ऑर्डर आली की जुन्या टाकीतूनच माल काढत होते, कारण ती भरलेलीच होती. रागावून ऑर्डर बंद करणं सोपं होतं. आम्ही तसं केलं नाही. टाकीतल्या द्रवाची रीतसर विल्हेवाट लावायला परवानाधारक संस्था शोधून दिली, आणि पुढचे सहा महिने प्रत्येक लॉटचे स्क्रू मी उकळले. त्यांच्याकडचे दोन मुलगे आता त्या टाकीपाशी उभे राहत नाहीत. या नोकरीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे.

एक्सआरएफ मात्र नीट शिका. त्याचा आकडा हा निकाल समजू नका. प्लास्टिकमधलं शिसं साधारण ७०० ते १,३०० पीपीएमच्या मधे आलं की तो संशयाचा पट्टा, नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जायलाच हवा. ब्रोमिन दिसलं म्हणून घाबरू नका. सर्किट बोर्डाच्या फायबरग्लासमध्ये टीबीबीपीए नावाचं ब्रोमिनयुक्त रसायन बहुधा असतं आणि ‘रोहस’ने त्यावर बंदी घातलेली नाही. थॅलेट तर एक्सआरएफला दिसतच नाहीत, त्याला जीसी-एमएस, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणारं यंत्र, लागतं. आणि थॅलेट पीव्हीसीतून हळूहळू बाहेर झिरपतात. स्वच्छ रबर पॅड मऊ पीव्हीसीच्या चटईवर महिनाभर पडून राहिला तर तोही बिघडू शकतो. म्हणून स्टोअरमध्ये फेरी मारताना माल कशावर ठेवलाय ते बघत जा.

सूट हा वेगळा विषय आहे आणि तो मुलाखतीत हमखास विचारतात. पितळ आणि इतर तांब्याच्या मिश्रधातूंत ४ टक्क्यांपर्यंत शिसं चालतं. उच्च तापमानाच्या, ८५ टक्के किंवा त्याहून अधिक शिसं असलेल्या सोल्डरलाही सूट आहे. या सवलती मुदतीच्या असतात आणि त्यांच्या मुदती बदलत राहतात. कागदावर ‘सूट’ एवढंच लिहिलेलं स्वीकारू नका, कलम क्रमांक आणि मुदत मागा.

लाइनवरच्या लोकांशी बोलायला लाजू नका. शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं. कथिल, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असलेलं नवं सोल्डर सुमारे २१७ अंशांना. गन जास्त तापवावी लागते, टिप लवकर झिजते, जोड चमकत नाही, मळकट दिसतो. पंचवीस वर्षं चमकदार जोड करणाऱ्या मावशींना तो मळकट जोड ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, वाटणारच. आमच्या टच-अपच्या टेबलावर एकदा पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून आणलेली शिशाची वायर सापडली ती याच कारणाने. मावशींना चांगलं काम करायचं होतं. त्यांना मायक्रोस्कोपखाली दोन्ही जोड कापून दाखवले. घरी नातवाला उचलून घेण्याआधी हात का धुवायचे, शिसं लहान मुलांच्या मेंदूला काय करतं, हेही सांगितलं. त्यानंतर ती वायर पुन्हा दिसली नाही.

रसायनशास्त्र, पर्यावरणशास्त्र, ई अँड टीसीचा डिप्लोमा, कुठूनही आलात तरी चालतं. केमिस्टने बीओएम आणि सर्किटचे भाग ओळखायला शिकावं, डिप्लोमावाल्याने थोडं विश्लेषणात्मक रसायनशास्त्र वाचावं. एक्सेल दोघांनीही.

मुलाखतीच्या आधी एक रविवार काढा. जुन्या बाजारातून बंद पडलेला मोबाइलचा चार्जर आणा. तो प्लगला लावू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरपासून बोटं लांब ठेवा, काही जाळू किंवा तापवू नका, हातमोजे घाला. स्क्रू, खोकं, वायर, पिना, ट्रान्सफॉर्मर, टेप, गोंद, लेबल, शाई असं सुटं करत एकजिनसी पदार्थांची यादी लिहा, आणि प्रत्येकापुढे दहापैकी कुठला पदार्थ असण्याची भीती आहे ते मांडा. माझी पहिली यादी अकरावर थांबली होती. वरिष्ठांनी तोच चार्जर घेऊन माझ्यासमोर चाळीसपर्यंत नेली, आणि ट्रान्सफॉर्मरच्या तारेवरचं वार्निश राहिलंय म्हणून पुन्हा माझ्याकडे सरकवली.