घरच्या रेकॉर्डिंगसाठी गिटार अँप घेताय? या चुका टाळा

पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वॅटचा घेऊ? आणि विचारणाऱ्याने मनात मोठाच घ्यायचं ठरवलेलं असतं. 50 आणि 100 वॅटमध्ये फरक जेमतेम 3 डेसिबलचा. 10 वॅटच्या जागी 100 वॅट घेतले, तरी कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, दहापट नाही.

मीही हट्टाने 100 वॅटचं ट्यूब हेड (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा, स्वतःचा स्पीकर नसलेला अँप) आणि चार स्पीकरचं कॅबिनेट घेतलं होतं. खोलीत व्हॉल्यूमचा नॉब एकच्या पुढे नेता येईना. तेवढ्यावर पॉवर ट्यूबना काही कामच पडत नाही, स्पीकरचा कोन धड हलत नाही. रेकॉर्डिंगमध्ये गिटार पातळ आणि चिरकी. सहा महिने मी मायक्रोफोनला दोष दिला, दोन बदललेही. शेवटी मित्राचा 5 वॅटचा, आठ इंची स्पीकरचा अँप आणला. नॉब सहावर, माइक जाळीपासून दोन बोटं लांब, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर रोखलेला. पहिल्याच टेकमध्ये हवा तो भरीव आवाज मिळाला. अर्थात 5 वॅटही घरात दणदणीत वाजतात, म्हणून मी ते टेक भरदुपारीच घेतो.

शांतता हवी म्हणून स्पीकरची वायर काढून ट्यूब अँप चालू करणं, ही सर्वांत महागात पडणारी घाई. स्पीकर किंवा लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी अँपची पॉवर झेलणारा डबा) जोडलेला नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

माइकऐवजी अँपचा लाइन आउट थेट इंटरफेसमध्ये (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डब्यात) घातला की आवाज माशी घोंघावल्यासारखा येतो. गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळून टाकतो, आणि ती गाळणीच तुम्ही काढलेली असते. त्या आउटवर कॅब सिम्युलेशन, म्हणजे स्पीकर-कॅबिनेटच्या गाळणीची नक्कल, आहे का, हे घेण्याआधीच बघा.

हम (सततची घूं-घूं) येतोय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. जिवाशी खेळ आहे तो.

गेनच्या, म्हणजे आवाज किती फाटवायचा त्या नॉबच्या, बाबतीत नवशिक्यांना दम धरवत नाही. मी आवडेल तिथे नॉब लावतो आणि मग बराच मागे घेतो. दोन-तीन ट्रॅक एकावर एक चढले की तेवढा गेन पुरतो.

आणि अँप निवडताना तो पायाशी ठेवून उभ्याने ऐकू नका. माइक स्पीकरच्या तोंडाशी असतो, तुमचे कान चार फूट वर. मी इंटरफेस आणि माइक सोबतच नेतो, दोन मिनिटं रेकॉर्ड करतो, आणि घरी येऊन रोजच्या हेडफोनवर ऐकल्यावरच ठरवतो.