दोन प्रोजेक्टर शेजारीशेजारी लावण्याआधी

एकच पडदा, एकच सिनेमा, दोन प्रोजेक्टर. पाच मिनिटं हा, पाच मिनिटं तो. अशा तुलनेत बहुतेक वेळा ज्याचा उजेड जास्त तोच जिंकतो, कारण डोळा आधी उजेडाला भुलतो. म्हणून तयारीतला मोठा वेळ खोलीवर आणि दोघांचा उजेड सारखा करण्यावर जातो. सिनेमा सगळ्यात शेवटी.

खोलीपासून सुरुवात करा. पांढऱ्या भिंती, पीओपीचं छत आणि चकचकीत टाइल्स असलेल्या हॉलमध्ये पडद्यावरचा उजेड चहूकडे आदळून परत पडद्यावरच येतो आणि काळा भाग राखाडी होतो. पूर्ण काळ्या फ्रेममध्ये हे कळत नाही, पण अर्धी फ्रेम उजळ असली की लगेच दिसतं. चांगल्या डीएलपीचा, म्हणजे बारीक आरशांच्या चिपवर चालणाऱ्या प्रोजेक्टरचा, ५००:१ च्या आसपासचा चौकडीचा कॉन्ट्रास्ट (एकाच चित्रातल्या पांढऱ्या आणि काळ्या चौकटींच्या उजेडाचं गुणोत्तर) अशा हॉलमध्ये १००:१ च्याही खाली येऊ शकतो आणि मग महाग आणि स्वस्त प्रोजेक्टर सारखेच दिसतात. उपाय कापडाचा आहे. पडद्यालगतचं साडेचार फूट छत आणि दोन्ही बाजूंच्या तेवढ्याच भिंती काळ्या वेलवेटने झाका. खोली ११ फूट रुंद आणि ९ फूट उंच धरली तर ५४ इंच पन्ह्याचं ९ मीटर कापड पुरतं. सॅटिन घेऊ नका, ते काळं असूनही चमकतं. खाली गडद सतरंजी टाका. खिडक्यांच्या पडद्यांच्या फटी कपड्यांच्या चिमट्यांनी बंद करा, दाराखाली टॉवेल सरकवा, राउटर, एसी आणि स्टॅबिलायझरच्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावा. प्रेक्षकांनीही पांढरा सदरा घालून पुढच्या रांगेत बसू नये, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पडदा एकच, साधा मॅट पांढरा, गेन १ चा, म्हणजे उजेड एका दिशेला न वाढवणारा. १६:९ च्या १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे २.७५ चौरस मीटर भरतं. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागतो. दोन्ही चित्रं याच मापाची हवीत. कीस्टोन (तिरकं चित्र मेन्यूतून सरळ करण्याची सोय) शून्यावर ठेवा आणि चित्र सरळ करायचं ते प्रोजेक्टरच हलवून. कीस्टोनने चित्राचा आकार बदलतो, पण चित्र बनवणाऱ्या चिपचा कापलेला भाग पूर्ण काळा होत नाही, तो चित्राभोवती राखाडी कड म्हणून पडद्यावर पडतो. झूमकडेही लक्ष असू द्या. बऱ्याच लेन्समध्ये लांबून झूम कमी करून टाकलेल्या चित्राला उजेड कमी आणि कॉन्ट्रास्ट थोडा जास्त मिळतो. एक प्रोजेक्टर जवळ आणि दुसरा लांब ठेवला, तर तुलना लेन्सच्या जागांची होते.

दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर त्याला लहान यूपीएस द्या. वीज गेली की पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. दोन्ही यंत्रं किमान अर्धा तास चालू ठेवून मगच हात लावा, कारण सुरुवातीला दिव्याचा उजेड आणि रंग दोन्ही सरकत असतात.

सिग्नल एकाच प्लेअरमधून एचडीएमआय स्प्लिटरने दोन्हींकडे न्या. काही स्प्लिटर पहिल्या पोर्टवरच्या यंत्राची माहिती वाचून दोघांनाही त्याच्याच बेताचा सिग्नल देतात. म्हणून दोन्हींच्या माहितीपटलावर रिझोल्यूशन, बिट आणि रंगाची रेंज तपासा. सुरुवातीला एचडीआर (उजेडाचा जास्त मोठा पल्ला असलेला सिग्नल) बंद. त्यात प्रत्येक कंपनीचं टोन मॅपिंग, म्हणजे तो पल्ला यंत्राच्या आवाक्यात बसवण्याची रीत, वेगळं असतं आणि पहिल्याच तासात सगळा गोंधळ होतो. सगळ्यात जास्त फसवते ती व्हिडिओ रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे. प्लेअर १६ ते २३५ पाठवतोय आणि प्रोजेक्टर ० ते २५५ समजून बसला, तर काळा धुरकट दिसतो. उलट झालं तर सावल्यांतले तपशील गिळले जातात. हा दोष प्रोजेक्टरच्या नावावर खपवू नका.

आता मेन्यू. दोन्हीकडे सिनेमा किंवा नॅचरल मोड, गॅमा (मधल्या छटा किती उजळ ते ठरवणारा आकडा) २.२ आणि रंगाचं तापमान ६५०० केल्विन. डायनॅमिक मोड सगळ्यात उजळ असतो, पण दिव्याच्या यंत्रांत तो हिरवट पडतो. मेन्यूतल्या नावांची एक गंमत आहे. 'ब्राइटनेस' म्हणजे खरं तर काळ्याची पातळी आणि 'कॉन्ट्रास्ट' म्हणजे पांढऱ्याची. काळ्या पट्ट्यांच्या चाचणीचित्रात १६ ची पट्टी दिसू नये आणि १७-१८ च्या पुढच्या जेमतेम उमटाव्यात, इतका ब्राइटनेस ठेवा. चित्रानुसार उजेड आपोआप कमीजास्त करणारे डायनॅमिक आयरिस (लेन्समधली झडप) आणि लेझर डिमिंग बंद.

मग लक्समीटर, म्हणजे पडणारा उजेड मोजणारा मीटर. तो पडद्याच्या मधोमध, तोंड लेन्सकडे करून स्टँडवर लावा. हातात धरू नका, हाताची सावली पडते. समजा एकाला ३०० लक्स आले आणि दुसऱ्याला ४२०. ३०० गुणिले पडद्याचं क्षेत्रफळ २.७५ म्हणजे साधारण ८२५ लुमेन. हा खऱ्या मोडमधला एकूण उजेड आणि तो खोक्यावरच्या आकड्यापेक्षा कमी निघाला तर नवल नाही. आता ४२० ला ३०० वर आणायचं, पण कॉन्ट्रास्टची कळ फिरवून नाही. तिने पांढरा उतरतो आणि काळा जागेवरच राहतो, म्हणजे त्या यंत्राचा जवळजवळ ३० टक्के कॉन्ट्रास्ट तुम्हीच खाल्लात. लेझरची पॉवर कमी करा, नाहीतर लेन्सपुढे एनडी फिल्टर (रंग न बदलता उजेड कमी करणारी राखाडी काच) लावा. दोन्हींत काळा आणि पांढरा एकाच प्रमाणात उतरतात. हाताने फिरवायचा आयरिस वापरला तर कॉन्ट्रास्ट बहुधा वाढतो, तेव्हा वहीत तशी नोंद करा. दोघांमधला फरक ५ टक्क्यांच्या आत आला की पुरे.

काळा मोजताना स्वस्त मीटर हात टेकतो. ३०० लक्सवर २०,०००:१ कॉन्ट्रास्ट म्हणजे काळा फक्त ०.०१५ लक्स. त्यामुळे ०.०१ पर्यंत वाचणारा मीटर घ्या आणि लेन्सपासूनचं अंतर एकतृतीयांश करा. उजेड नऊपट होतो आणि काळा ०.१३ च्या आसपास नीट वाचता येतो. पांढराही त्याच जागी पुन्हा मोजायचा. आधी लेन्स झाकून खोलीचा स्वतःचा आकडा घ्या आणि काळ्याच्या मापातून वजा करा. काही लेझर यंत्रं पूर्ण काळ्या फ्रेमला दिवाच विझवतात आणि कॉन्ट्रास्ट 'अनंत' येतो. अशा वेळी मीटरपासून लांब एका कोपऱ्यात लहान पांढरा ठिपका असलेलं काळं चित्र वापरा. त्यानंतर १६ चौकटींचं पट, आठ पांढऱ्या आणि आठ काळ्या, त्यांच्या सरासऱ्यांचा भागाकार. इथे बऱ्याचदा बाजी पालटते. जेव्हीसी किंवा सोनीचं एलकॉस (आरशावरच्या द्रवस्फटिकांच्या चिपचं) यंत्र पूर्ण काळ्यात डीएलपीच्या कितीतरी पुढे असतं, पण चौकडीत डीएलपी त्याला मागे टाकू शकतो. काळोख्या सिनेमांना पहिला आकडा लागतो, क्रिकेटला दुसरा.

रंगांची पहिली परीक्षाही याच मीटरने होते. पूर्ण लाल, हिरवा, निळा अशी पडदाभर तीन चित्रं मोजून बेरीज करा. ती पांढऱ्याच्या जवळ यायला हवी. ती निम्मीच आली, तर डीएलपीच्या फिरत्या रंगचक्रात पांढरा तुकडा आहे आणि उजळ रंग मळकट दिसणार. रेक. ७०९ च्या (एचडी व्हिडिओच्या रंगांच्या मानकाच्या) हिशोबाने ३०० लक्स पांढऱ्यात लाल सुमारे ६४, हिरवा २१५ आणि निळा २२ हवा. निळ्यात साधे मीटर चुकतात, तो आकडा फार ताणू नका. खोलात जायचं तर कलरिमीटर (रंग मोजणारं उपकरण) आणि फुकट मिळणारं एचसीएफआर सॉफ्टवेअर. एखाद्या यंत्रात पी३ (सिनेमागृहातल्या रंगांचा जास्त रुंद पल्ला) साठी फिल्टर लेन्सच्या वाटेत येत असेल, तर तो लागल्यावर उजेड पुन्हा मोजा.

आता कुठे डोळ्यांची पाळी. नावं झाकून 'अ' आणि 'ब' म्हणा, आणि काळा बघताना दुसऱ्याची लेन्स टोपीने पूर्ण बंद, नाहीतर त्याचा राखाडी उजेड याच्या काळ्यावर सांडतो. ओळखीचे रंग निवडा: हापूसची फोड, हळद, पैठणीची राणी कलरची किनार आणि सगळ्यात कठीण म्हणजे कमी उजेडातला सावळा चेहरा. तो एका यंत्रात हिरवट आणि दुसऱ्यात विटकरी दिसतो. फोनने फोटो काढून निकाल लावू नका, फोन स्वतःच एक्स्पोजर बदलतो. सगळ्यांचे गुण लिहून झाले की कुणालाही न सांगता 'अ' आणि 'ब'च्या चिठ्ठ्या अदलाबदल करून तेच तीन प्रसंग पुन्हा दाखवा. ज्याचे गुण यंत्राबरोबर न जाता चिठ्ठीबरोबर गेले, त्याचा कागद बाजूला ठेवा.