स्टेरॉइडची ट्यूब लावताय? मग हे बघा

नागपूरच्या उन्हाळ्यात घामानं जांघेत, काखेत खाज सुटली की आपण काय करतो, सरळ मेडिकलवाल्याला म्हणतो भाऊ एक ट्यूब दे. काहून बाप्पा? त्यात बरेचदा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड असतं, आणि खाज जर गजकर्णाची असेल तर दोन दिवस बरं वाटतं पण आतून बुरशी पसरतच राहते, मग डॉक्टरलाही ओळखू येत नाही. म्हणून आधी स्किनवाल्याला दाखवा, नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत गेलात तरी चालते.

एक्झिमा, सोरायसिससारख्या कातडीच्या आजारासाठी डॉक्टरनं स्टेरॉइडची क्रीम लिहून दिली असेल तर घाबरू नका, नीट वापरली तर छान काम करते. मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली क्रीम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. जिथं त्रास आहे तिथंच पातळ लावा, सांगितलं तितक्याच वेळा. मॉइश्चरायझर लावायचं असेल तर मधे वीसेक मिनिटं जाऊ द्या. वरून पट्टी किंवा डायपर घट्ट नको, औषध जास्त आत शिरतं.

चेहऱ्यावर गोरं व्हायला तर अजिबात नाही! कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पिंपल्स येतात. क्लोबेटासोलसारखी कडक क्रीम सहसा सलग दोन आठवड्यांच्या वर नसते. खूप दिवस लावत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करा. आणि शेजारच्या काकूंची उरलेली ट्यूब बाळाला लावू नका.