बोट सोडून सिंगापुरात आलात, आता लिहायचं कधी?

बोटीवरून उतरून सिंगापुरात सुपरिटेंडंट म्हणून, म्हणजे ऑफिसात बसून कंपनीच्या बोटींची देखभाल बघायला, लागणारी मराठी मुलं अधूनमधून घरी येतात. पास, भाडं, शाळा सगळं विचारून झालं की एखादा जाता जाता पुटपुटतो, "बोटीवर वह्या भरत होतो हो, इथे एक ओळ होत नाही." हे त्याच्यासाठी.

आधी व्यवहाराचं उरकू. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्यावर, ज्या कंपनीचं नाव, तिचंच काम करायचं. तेव्हा लेखनाचं मानधन घेण्याआधी मनुष्यबळ मंत्रालयाचे नियम वाचा. तुमच्यामुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर आलेल्या बायकोला नोकरी करायची असेल तर २०२१ पासून तिला स्वतःचा वर्क पास लागतो. हे तिला मुंबईतच सांगा, चांगी विमानतळावर उतरल्यावर नको. आणि परत बोटीवर जायचं नसलं तरी सीओसी, म्हणजे बोटीवर अधिकारी म्हणून काम करायचं सर्टिफिकेट, लॅप्स होऊ देऊ नका. तिची मुदत पाच वर्षांची असते. परतीचा रस्ता बंद झाला की ऑफिसातली कटकट दुप्पट वाटते.

आता वेळेचं. बोटीवर वेळ आखलेला मिळायचा. बारा ते चारची वॉच, म्हणजे ड्युटीची पाळी, संपली की सेकंड मेटला, म्हणजे डेकवरच्या अधिकाऱ्याला, पुढचे आठ तास दुसरी वॉच नाही. त्यात ओव्हरटाइम, कागदपत्रं होतीच, पण स्वयंपाक कुकचा, बाजारहाट नाही, पाहुणे नाहीत. शिवाय एमएलसी या खलाशांच्या कामाच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती, निदान कागदावर तरी. सुपरिटेंडंटला असा तक्ता कोणी लावून देत नाही. त्याच्या गळ्यात चार-पाच बोटी, एक ब्राझीलच्या वेळेवर, दुसरी कोरियाच्या. जनरेटर बंद पडला की फोन तुम्हाला. "जरा निवांत झालो की लिहीन" म्हणणारे मी बरेच पाहिले. त्यांचं लिखाण पाहिलं नाही.

म्हणून स्वतःची वॉच स्वतः लावा. माझं मत पहाटे पाच ते साडेसहा. इथे पाच वाजतात तेव्हा भारतात अडीच, हॅम्बुर्गमध्ये रात्रीचे दहा-अकरा. दोन्हीकडची ऑफिसं गप्प असतात. बोटी तेवढ्या गप्प नसतात, पण खरंच आग लागल्याशिवाय चीफ इंजिनिअर सहसा पहाटे फोन करत नाही. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे घरचेही झोपलेले असतात. घरच्यांना मात्र आधी सांगा. इतकी वर्षं त्यांचं घर तुमच्याशिवाय चाललंय. आल्या आल्या इन्स्पेक्शन काढू नका, एखादं काम मागून घ्या. मग पहाटेच्या दीड तासाला कोणी हरकत घेत नाही.

एचडीबीच्या, म्हणजे इथल्या सरकारी वसाहतीतल्या, फ्लॅटमध्ये टेबल मावत नसेल तर रविवारी व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या नॅशनल लायब्ररीत जाऊन बसा. बसायला पैसे पडत नाहीत आणि एसी असा की स्वेटर लागतो. पुस्तकं मुख्यतः इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ. मराठी हवी असतील तर सामानात घालूनच आणा.

पहिले काही महिने ईस्ट कोस्ट पार्कात फिरायला जाणं टाळा. समोर नांगरलेल्या बोटींची रांग दिसते, आणि माणूस बायकोचं बोलणं सोडून लांबूनच ड्राफ्टचा, म्हणजे बोट पाण्यात किती बुडालीय त्याचा, अंदाज घेत बसतो.

काय लिहायचं? वादळं पुरे झाली, ती सगळ्यांनीच लिहिली आहेत. याच सिंगापूरच्या अँकरेजला, म्हणजे बोटी नांगरतात तिथे, शिधा घेऊन येणारी छोटी लाँच लागायची आणि कित्येक दिवसांनी ताजी कोथिंबीर दिसल्यावर मेसमध्ये जी गडबड उडायची, ती अजून कोणी नीट लिहिलेली माझ्या वाचनात नाही. इंजिनरूममधल्या ऑइलरचं नाव, त्याच्या शिव्या, त्याच्या मुलीचं लग्न आठवतंय तोवर टिपून ठेवा, कारण नावं फार लवकर पुसतात. छापताना मात्र नावं बदला. बोट, कंपनी आणि क्लेम चालू असलेला अपघात तर अजिबात ओळखू येऊ देऊ नका. तुमच्या नोकरीच्या करारात गोपनीयतेचं कलम असणार, ते कथेलाही लागू शकतं. आणि प्युरिफायर म्हणजे बोटीवरचं तेल साफ करायचं यंत्र, हे पुण्यातल्या वाचकाला ठाऊक नसतं. त्याचं वर्णन नको, त्यात हात घातलेला माणूस दाखवा.

सुरुवातीला इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या 'ऋतुगंध' या अंकाला काहीतरी पाठवा. तारीख डोक्यावर असली की हात चालतो. दिवाळी अंकांवर डोळा असेल तर संपादक पावसाळ्यातच मजकूर गोळा करतात, तेव्हा तुमच्या बोटींचं ड्राय डॉक, म्हणजे पाण्याबाहेर काढून करायची दुरुस्ती, कधी लागतंय ते आधी बघून घ्या.