नमुन्यांचे नवे पुस्तक हाती आले की या चुका टाळा

विणकाम आणि क्रोशाच्या नमुन्यांची इंग्रजी आणि जपानी पुस्तके आता पुण्यात घरबसल्या मागवता येतात, आणि लोकर, सुया, सुती धागा घ्यायला तुळशीबाग आणि रविवार पेठ आहेतच. तरीही हौसेने आणलेल्या पुस्तकातला पहिला स्वेटर अंगाला बसत नाही, टेबलावरचा रुमाल कडेने झालरीसारखा फुगतो किंवा बाळाची टोपी बाहुलीला होईल एवढीच होते, आणि मग दोष पुस्तकाला तरी दिला जातो किंवा आपल्या हाताला तरी. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. पुस्तक लिहिणारीने आपल्या देशातल्या सुया, तिथले धागे, तिथली अंगाची मापे आणि तिथली थंडी गृहीत धरलेली असते आणि ते सगळे तिने पहिल्या काही पानांत लिहूनही ठेवलेले असते. आपण मात्र आवडत्या फोटोचे पान उघडून थेट टाके घालायला बसतो. ती सुरुवातीची पाने न वाचणे हीच मूळ चूक आहे आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक क्रोशाच्या टाक्यांच्या नावांची आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन पुस्तकांत तीच नावे वेगवेगळ्या टाक्यांसाठी वापरली जातात. अमेरिकन पुस्तकातला ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब (क्रोशाचा आखूड टाका), आणि त्याच टाक्याला ब्रिटिश पुस्तकात ‘डबल क्रोशे’ म्हणतात. अमेरिकन ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला नेहमीचा खांब, ज्याला ब्रिटिश पुस्तकात ‘ट्रेबल’ हे नाव आहे. मुक्या खांबाची उंची साधारण एका साखळीएवढी आणि खांबाची तीन साखळ्यांएवढी असते, त्यामुळे ब्रिटिश पुस्तक अमेरिकन समजून विणले तर घट्ट विणीची पिशवी जाळीदार होते, तोरणाची पट्टी उंच होते आणि मागवलेला धागाही पुरत नाही. पुस्तक कुठल्या पद्धतीचे आहे ते बहुधा टाक्यांच्या यादीत लिहिलेले असते, पण ते सापडले नाही तर शब्दांवरून ओळखता येते. ‘सिंगल क्रोशे’, ‘स्किप’ आणि ‘गेज’ हे शब्द दिसले तर पुस्तक अमेरिकन पद्धतीचे आहे. ‘मिस’, ‘टेन्शन’ आणि ‘हाफ ट्रेबल’ दिसले तर ब्रिटिश. एकच पुस्तक दोन्ही देशांत विकले जाते तेव्हा प्रकाशनस्थळावरून अंदाज बांधू नये, यादीच पाहावी. पद्धत कळली की पहिल्या पानावर पेन्सिलीने ‘खांब’, ‘मुका खांब’, ‘अर्धा खांब’ असे आपले शब्द त्यांच्या शब्दांसमोर लिहून ठेवावेत, म्हणजे पुस्तक कितीही वर्षांनी उघडले तरी घोटाळा होत नाही.

जपानी पुस्तकांना घाबरून ती बाजूला ठेवणाऱ्या मैत्रिणींना मी आग्रहाने सांगेन की ती मुळीच अवघड नाहीत. त्यांत बहुतेक सगळे आकृतीतूनच सांगितलेले असते आणि खुणा ठरलेल्या असतात. लांबट गोल म्हणजे साखळी, भरलेला ठिपका म्हणजे स्लिप स्टिच (उंची न वाढवता जोडणारा टाका), फुली म्हणजे मुका खांब, इंग्रजी ‘टी’सारखी खूण म्हणजे अर्धा खांब आणि त्याच ‘टी’च्या दांड्यावर एक तिरकी रेघ असली की आपला पूर्ण खांब, दोन रेघा असल्या की दोन वेढ्यांचा लांब खांब. एवढे पाठ झाले की जपानी लिपीतले एक अक्षरही न वाचता रुमाल पूर्ण करता येतो. जपून राहायचे ते सुयांच्या क्रमांकांपासून, कारण तेही वेगळेच आहेत. त्यांची ‘६/०’ ही क्रोशाची सुई ३.५ मिलिमीटरची असते.

क्रमांकांचा हा गोंधळ लोकरीच्या सुयांत आणखी मोठा आहे. आपल्याकडे घरोघरी आईच्या किंवा आजीच्या डब्यात ज्या सुया असतात, त्यांच्यावर जुने ब्रिटिश क्रमांक असतात, आणि त्यात क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होत जाते. अमेरिकन क्रमांक याच्या अगदी उलट चालतात. जुनी ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, तर अमेरिकन ८ नंबर ५ मिलिमीटरची. जुनी १० नंबरची ३.२५ मिलिमीटरची, तर अमेरिकन १० नंबर थेट ६ मिलिमीटरची. पुस्तकात १० नंबर वाचून डब्यातली १० नंबरची सुई काढणारीचा स्वेटर घट्ट, कडक आणि दोन मापे लहान झाला तर त्यात नवल नाही. दुकानात सुई मागताना क्रमांक सांगूच नये, मिलिमीटर सांगावे. जुन्या सुयांवरचे आकडे पुसले गेले असतील तर गोल भोके असलेली मापपट्टी मिळते, तिच्यात सुई घालून माप खात्रीने कळते.

आता नमुन्याचा चौकोन, म्हणजे मुख्य काम सुरू करण्याआधी त्याच सुईने आणि लोकरीने विणून पाहायचा तुकडा. प्रत्येक पुस्तकात लिहिलेले असते की अमुक सुईवर अमुक लोकरीने १० सेंटिमीटरमध्ये इतके टाके आणि इतक्या ओळी आल्या पाहिजेत, आणि प्रत्येक जण हे वाक्य वाचून पुढे जाते. त्याची किंमत किती, ते आकड्यांतच पाहावे. समजा, पुस्तकात १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके सांगितले आहेत आणि पाठीसाठी ९९ टाके घालायचे आहेत. ९९ टाक्यांची रुंदी ४५ सेंटिमीटर होते आणि पुढची-मागची बाजू मिळून स्वेटरचा घेर ९० सेंटिमीटर भरतो. तुमचा हात थोडा सैल असेल आणि तुमचे १० सेंटिमीटरमध्ये २० टाके येत असतील, तर तेच ९९ टाके साडेएकोणपन्नास सेंटिमीटर होतील आणि घेर ९९ वर जाईल. दहा सेंटिमीटरमागे दोन टाक्यांचा फरक डोळ्यांना दिसतही नाही, पण अंगावर तो नऊ सेंटिमीटरचा होतो.

चौकोन विणतानाही तीन गोष्टी बहुधा चुकतात. पहिली म्हणजे तो इवलासा विणला जातो. १० सेंटिमीटर मोजायचे असतील तर चौकोन किमान १५ सेंटिमीटरचा हवा, कारण कडेचे टाके ओढलेले असतात आणि मोजायचे ते मधल्या भागात. दुसरी, तो न धुताच मोजला जातो, वास्तविक लोकर आणि सुती धागा दोन्ही पहिल्या धुण्यात आपला आकार बदलतात आणि स्वेटर तर धुतला जाणारच असतो. तिसरी चूक अशी की टाके जुळले नाहीत तर आपण मुद्दाम हात घट्ट किंवा सैल करून पाहतो. चार ओळींनंतर हात आपल्या मूळ सवयीवर येतो, म्हणून हात बदलू नये, सुई बदलावी. टाके जास्त येत असतील तर पाव-अर्धा मिलिमीटर जाड सुई घ्यावी, कमी येत असतील तर तेवढीच बारीक.

लोकरीची अदलाबदल हा पुण्यात टाळता न येणारा विषय आहे. पुस्तकातली नेमकी लोकर इथे क्वचितच मिळते आणि मिळाली तरी ती इथल्या हवेला जड पडते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो खरा, पण दुपारी ऊन चांगलेच जाणवते. अशा हवेत उत्तर युरोपातल्या हिवाळ्यासाठी लिहिलेला जाड वळशांचा स्वेटर कपाटातच राहतो. तेव्हा धागा बदलावाच, मात्र तो बदलताना वजनावर जाऊ नये, लांबीवर जावे. पुस्तकात ५० ग्रॅमचे ८ गुंडे लिहिलेले आहेत आणि प्रत्येक गुंडा १२० मीटरचा आहे, असे धरू. एकूण लांबी ९६० मीटर झाली. तुम्ही आणलेला गुंडा १०० ग्रॅमचा आणि २०० मीटरचा असेल, तर ‘४०० ग्रॅम म्हणजे ४ गुंडे’ असा हिशेब करणारीला ८०० मीटरच धागा मिळेल आणि दुसऱ्या बाहीच्या मध्यावर तो संपेल. इथे ५ गुंडे लागतात. लोकरीच्या जागी सुती धागा वापरताना आणखी एक भान ठेवावे लागते: सुताला लोकरीसारखा ताण नसतो आणि ते वजनाला भारी असते, म्हणून मोठा सुती कपडा स्वतःच्याच वजनाने खाली ओढला जातो. पट्टीदार विणीची काठ-मनगटे सुतात लवकर सैल पडतात. तिथे एक-दोन मापे बारीक सुई घेतलेली बरी.

रंगाचे सगळे गुंडे एकाच वेळी, लेबलावरचा रंगाचा घाणा क्रमांक (एकाच वेळी रंगवलेल्या धाग्याला दिलेला क्रमांक) जुळवून घ्यावेत. नंतर आणलेला गुंडा दुकानातल्या दिव्याखाली सारखाच दिसतो आणि उन्हात वेगळा दिसतो.

मापांबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण फोटो पाहून माप निवडण्याची सवय फार खोल गेली आहे. पुस्तकात दोन मापे असतात, एक अंगाचे आणि दुसरे तयार कपड्याचे, आणि दोन्हींमधला फरक म्हणजे त्या नमुन्यात ठेवलेली सैल. काही नमुन्यांत ती दहा-पंधरा सेंटिमीटर असते, तर अंगाला घट्ट बसणाऱ्या नमुन्यात तयार कपडा अंगापेक्षा लहान असतो. आपल्याकडे स्वेटर साडीच्या ब्लाउजवर किंवा कुर्त्यावर घातला जातो, त्यामुळे मुंढ्यात आणि दंडात पुस्तकापेक्षा जास्त जागा लागते. माप त्या कपड्यांवरूनच घ्यावे आणि मग पुस्तकातल्या तयार मापाशी पडताळावे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे घरातला नीट बसणारा एक स्वेटर पलंगावर सपाट पसरून मोजणे. बाळंतविड्यासाठी विणणाऱ्यांनी तर ‘० ते ६ महिने’ अशा मापावर विसंबूच नये. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटिमीटर असतो आणि सहाव्या महिन्यात तो ४२-४३ पर्यंत जातो. या दोन टोकांना एकच टोपी कशी पुरणार? बाळ कुठल्या महिन्यात असताना थंडी पडणार आहे ते आधी मोजावे आणि कुंची त्या मापाची विणावी.

माप एकदा ठरले की पुस्तकातले त्या मापाचे आकडे आरंभीच खुणेने वेगळे करावेत. ‘टाके घाला ८६ (९२, ९८, १०४)’ अशी ओळ असते तेव्हा कंसाबाहेरचा आकडा सर्वांत लहान मापाचा असतो आणि पुढचे क्रमाने मोठ्या मापांचे. तिसरे माप विणणारीने प्रत्येक ओळीत तिसराच आकडा घ्यायचा असतो, आणि रात्री टीव्हीसमोर बसून विणताना नजर नेमकी शेजारच्या आकड्यावर जाते. पुस्तक खराब करायचे नसेल तर त्या पानाची मोठ्या आकारातली झेरॉक्स काढून तिच्यावर आपले आकडे रंगवावेत. त्याच झेरॉक्सवर ‘अॅट द सेम टाइम’ हे शब्द कुठे आले आहेत तेही शोधून ठेवावे. मुंढ्याचे टाके कमी करण्याच्या सूचना संपल्यावर पुढच्या परिच्छेदात पुस्तक सांगते की हे करत असतानाच, अमुक उंची झाली की गळ्याचेही टाके कमी करायला लागा; आणि परिच्छेद संपेपर्यंत न वाचणारीचा मुंढा पूर्ण होतो, गळा मात्र सुरूच झालेला नसतो. तिथून उसवण्याखेरीज दुसरा उपाय नसतो.

तक्त्यावरून, म्हणजे चौकोनांत टाके दाखवलेल्या आकृतीवरून, विणताना दिशा चुकते. सपाट विणकामात सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे आणि उलट बाजूची डावीकडून उजवीकडे वाचायची असते, आणि तक्ता नेहमी कापडाची सुलट बाजू दाखवतो; म्हणून रिकामा चौकोन सुलट बाजूने सुलट टाका असतो आणि उलट बाजूने तोच उलट टाका होतो. गोल सुईवर विणत असाल तर प्रत्येक फेरी उजवीकडूनच वाचावी. जाळीच्या नमुन्यात पाने एकमेकांकडे झुकायच्या ऐवजी सगळी एकाच बाजूला झुकली, तर दोन टाके एकत्र विणण्याच्या दोन पद्धतींत गल्लत झाली आहे असे समजावे: साधे दोन टाके एकत्र विणले की ते उजवीकडे झुकतात, दोन टाके सरकवून मागून विणले की डावीकडे.

क्रोशाचे काम बिघडले तर त्याचा आकारच कारण सांगतो. आयताकृती तुकडा एका बाजूने वाढत किंवा आक्रसत गेला, तर ओळीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या खांब म्हणून मोजायच्या होत्या की नाही, हे पुस्तकात पुन्हा वाचावे. गोल रुमाल वाटीसारखा वळला तर वाढीचे टाके कमी पडले आहेत, झालर आली तर जास्त झाले आहेत. मुक्या खांबांच्या सपाट गोलात दर फेरीला साधारण ६ टाके वाढतात आणि खांबांच्या गोलात १२. हाच हिशेब पुस्तक विकत घेण्यापूर्वीही उपयोगी पडतो. अलीकडे ऑनलाइन बाजारात घाईने, काही वेळा यंत्राकडून लिहून घेतलेली पुस्तके येत आहेत, ज्यांच्या मुखपृष्ठावरची खेळणी कुठल्याही सुईने विणता येणार नाहीत अशी असतात. आतली नमुन्याची काही पाने पाहायला मिळत असतील तर एका गोलाच्या फेऱ्या मोजून पाहाव्यात. पहिल्या फेरीत ६, प्रत्येक टाक्यात दोन घातले की १२, एकाआड एक टाक्यात दोन घातले की १८, मग २४. ‘एकाआड एक’ लिहून पुढे २० टाके सांगितले असतील, किंवा फेरीअखेर टाक्यांची संख्याच दिलेली नसेल, तर ते पुस्तक घेऊ नये. चांगल्या प्रकाशकांच्या पुस्तकांतही छपाईच्या चुका राहतात, पण ते आपल्या संकेतस्थळावर दुरुस्त्या प्रसिद्ध करतात. काम सुरू करण्यापूर्वी त्या उतरवून संबंधित पानावर लिहून घ्याव्यात.

शेवटी धुणे आणि ताणणे. नमुना पूर्ण झाला की सुती किंवा लोकरीचे तुकडे ओले करून, टॉवेलमध्ये दाबून, पुस्तकातल्या मापांनुसार टाचण्यांनी सपाट ताणावेत आणि पूर्ण वाळल्यावरच जोडावेत. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री ठेवू नये, तिने वीण वितळून कायमची चपटी होते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे काम हाती घेतले असेल तर तुकडे पंख्याखाली जाळीवर पसरावेत आणि हाताला कोरडे लागले तरी आणखी एक दिवस तसेच ठेवावेत, कारण जाड विणीच्या आत ओल राहते आणि अशा अर्धवट वाळलेल्या तुकड्यांच्या टाचण्या काढल्या की ते पुन्हा आक्रसतात.