पुस्तक, कविता, मदतीचं आवाहन: ऑनलाइन शेअर करताना या चुका टाळा

आवडलेली कविता, मनात घर करून बसलेलं पुस्तक, ज्यासाठी जीव तुटतो असा एखादा सामाजिक प्रश्न. हे सगळं मनापासून शेअर करणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: लाइक येतात, पुढे काहीच होत नाही. पुस्तक कोणी वाचायला घेत नाही, कवीचं बाकीचं लेखन कोणी शोधत नाही, मदतीच्या आवाहनाला अंगठे मिळतात, माणसं मिळत नाहीत. दोष दर वेळी अल्गोरिदमचा नसतो. पुष्कळदा पोस्टमध्येच काहीतरी राहून गेलेलं असतं. हे कोणाचं आहे, कुठे मिळेल, कधीचं आहे, आता मी नेमकं काय करू? वाचणाऱ्याला तुमच्या पोस्टवरून मूळ गोष्टीपर्यंत पोहोचता आलं नाही, तर तुमची तळमळ तुमच्या पोस्टपाशीच थांबते.

नाव गाळणं, किंवा भलतंच नाव लावणं

'कवी माहीत नाही, पण आवडली म्हणून पाठवतोय.' 'साभार.' 'संकलित.' 'जसं आलं तसं पुढे पाठवत आहे.' हे आपण रोज वाचतो. नाव गळतं ते कोणाच्या वाईट हेतूने नव्हे. कॉपी करताना शेवटची ओळ निवडायची राहून जाते. पुढचा माणूस तोच मजकूर सुंदर चित्रावर टाकतो. त्याच्या पुढच्याला वाटतं, इतकं चांगलं आहे म्हणजे अमक्याचंच असणार, आणि तो एखादं मोठं नाव खाली लिहून टाकतो. तिथून पुढे ते नाव हटत नाही.

मोठ्या माणसांच्या नावावर अशी वाक्यं सहज जमा होतात. 'तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडण्याचा तुमचा हक्क मी प्राणपणाने राखीन' हे वाक्य फ्रेंच विचारवंत व्होल्तेअरचं म्हणून सांगितलं जातं. व्होल्तेअर १७७८ मध्ये वारला. वाक्य लिहिलं १९०६ साली, एव्हलिन बिअट्रिस हॉल या लेखिकेने, त्याची वृत्ती समजावून सांगताना. 'जगात जो बदल हवा तो आधी स्वतः व्हा' हेही गांधीजींच्या लेखनात या शब्दांत सापडत नाही. त्यांच्या १९१३ च्या एका लेखात जवळचा विचार आहे: आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातले प्रवाहही बदलतील. हा मूळ विचार जास्त खोल आहे. फिरणारं वाक्य वाचून थांबणारा त्या लेखापर्यंत कधीच जात नाही, आणि खरं नुकसान हेच आहे.

तपासायला फार वेळ लागत नाही. मजकुरातले सलग पाच-सहा शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधा. फक्त सुविचारांच्या साइट दिसल्या आणि कुठेही पुस्तक, पत्र, भाषण किंवा साल दिलेलं नसेल, तर ते नाव लावू नका. लेखक सापडलाच नाही तर 'मूळ लेखक मला सापडला नाही, माहीत असल्यास सांगा' असं स्पष्ट लिहा. कोणी सांगितलं, तर मूळ पोस्ट दुरुस्त करा. कमेंटमध्ये 'धन्यवाद' लिहून सोडून देऊ नका, कारण पुढे जाते ती पोस्ट, कमेंट नाही. चित्रकाराचं किंवा छायाचित्रकाराचं काम असेल तर स्क्रीनशॉटऐवजी त्या-त्या ॲपचं शेअर बटण वापरा. मूळ पानाचा दुवा त्यात टिकतो, आणि त्या कलाकाराने काही बदललं किंवा काढून टाकलं तर तेही तुमच्या वाचकाला कळतं.

तुमचं स्वतःचं काम दुसऱ्याच्या कामावरून सुचलेलं असेल, तर तेही सांगा. 'यांच्या या चित्राच्या रचनेवरून केलेला सराव' एवढं एक वाक्य पुरतं. त्याने तुमचं काम लहान होत नाही, उलट पाहणाऱ्याला एकाऐवजी दोन कलाकार मिळतात.

श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असं समजणं

श्रेय आणि परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. १८८६ च्या बर्न करारानुसार लेखन किंवा चित्र निर्माण झालं की कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणी लागत नाही. त्याची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं आहे. भारतात ती ६० आणि युरोपातल्या बहुतेक देशांत ७० वर्षं आहे. कादंबरीतला एक परिच्छेद चर्चेसाठी देणं वेगळं, आणि बारा ओळींची कविता पूर्ण टाकणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत तुम्ही अख्खी कलाकृतीच दिलेली असते. कवी हयात असेल तर एक मेसेज करून विचारा. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवाना असलेलं काम खुलेपणाने वापरता येतं, पण त्यातही अट वाचायला हवी. 'बीवाय' म्हणजे श्रेय देणं बंधनकारक, 'एनसी' म्हणजे व्यावसायिक वापर नको, 'एनडी' म्हणजे फेरफार करून बनवलेली आवृत्ती शेअर करायची नाही, 'एसए' म्हणजे तुमची बदललेली आवृत्तीही त्याच परवान्याखाली द्यायची.

आणि पीडीएफ. ज्या पुस्तकाने आपल्याला इतकं दिलं त्याचीच स्कॅन केलेली फाइल ग्रुपवर टाकणं, यासारखी क्लेशदायक गोष्ट नाही. लेखक, अनुवादक आणि छोटा प्रकाशक यांच्या पुढच्या पुस्तकाचा आधार आपण काढून घेतो, तेही प्रेमापोटी. त्याऐवजी पुस्तक कोणत्या ग्रंथालयात आहे ते सांगा, तुमची प्रत वाचायला द्या. कॉपीराइटची मुदत संपलेली पुस्तकं हवी असतील तर १९७१ पासून चालू असलेला 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' हा मोफत ई-पुस्तकांचा संग्रह आहे.

पुस्तकाचा फोटो टाकून पुस्तकाबद्दल काहीच न सांगणं

'अप्रतिम पुस्तक! आयुष्य बदलून टाकणारं. प्रत्येकाने वाचलंच पाहिजे.' या तीन वाक्यांत पुस्तक कुठेच नाही. ती कोणत्याही पुस्तकाखाली चालतील, म्हणून वाचणारा पुढे सरकतो. आता हे पाहा:

'पहिली चाळीस पानं सावकाश जातात, पात्रांची नावं डोक्यात बसायला वेळ लागतो. मुलगी आईची जुनी पत्रं उघडते तिथून मात्र पुस्तक खाली ठेववेना. घरात दीर्घ आजारी माणसाची काळजी घेतलेल्यांना हे फार जवळचं वाटेल. वेगवान कथानक हवं असेल तर हे तुमच्यासाठी नाही.'

दुसऱ्या मजकुरात कौतुकाचं एकही विशेषण नाही, तरी कोणाला तरी ते पुस्तक आजच हवंसं वाटेल. कोणासाठी आहे, कुठे रेंगाळतं, कुठे पकड घेतं, हे सांगणं म्हणजेच शिफारस. उणीव सांगायला घाबरू नका, त्यानेच उरलेल्या शब्दांवर विश्वास बसतो.

अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचं नाव हवंच. एकाच पुस्तकाचे दोन-तीन अनुवाद असतात आणि त्यांच्या वाचनानुभवात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. गोंधळ टाळायचा असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, द्या. २००७ पासून तो १३ अंकी आहे आणि प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र असतो. शेवट उघड करायचा असेल तर आधी इशारा द्या. २०११ मधल्या एका प्रयोगात शेवट आधी कळलेल्या वाचकांनाही कथा आवडल्या होत्या, पण ती निवड वाचकाची असू द्या.

वर्षअखेरीला पन्नास पुस्तकांचा गठ्ठा दाखवणारी पोस्टही तशी निरुपयोगीच. त्यातलं एक पुस्तक उचला आणि त्याबद्दल सहा ओळी लिहा.

तारीख नसलेलं आवाहन

इथे चुकलं तर माणसांना त्रास होतो, म्हणून यावर जरा थांबू या.

'तातडीने रक्त हवे, कृपया पुढे पाठवा.' खाली एक फोन नंबर. तारीख नाही. दात्याकडून घेतलेले प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात, म्हणजे अशी गरज आज-उद्याची असते. पण मेसेज महिनोन्महिने फिरत राहतो. त्या नंबरवर फोन येत राहतात, आणि फोन उचलणाऱ्याचं माणूस कदाचित गेलेलं असतं. दुसरीकडे दोन-तीनदा 'गरज कधीच संपली' असं ऐकलेला दाता पुढच्या खऱ्या मेसेजकडेही दुर्लक्ष करतो.

म्हणून आवाहनाची पहिली ओळ तारीख आणि वेळ. मग रक्तगट, रुग्णालय, कधीपर्यंत गरज आहे, कोणाशी बोलायचं. दुसऱ्याचं आवाहन पुढे पाठवण्याआधी त्या नंबरवर एक फोन करा, आणि कोणी उचललं नाही तर पाठवू नका. गरज भागली की 'गरज पूर्ण झाली' हे त्याच पोस्टच्या अगदी वरच्या ओळीत लिहा, तेही फोन नंबर काढून टाकून. आपत्तीच्या फोटोंनाही हाच नियम. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या वर्षीच्या पुराचा फोटो आजचा म्हणून फिरतो. गूगल लेन्स किंवा टिनआय यांवर तो टाकून पाहिला की आधी कुठे आला होता ते पुष्कळदा कळतं.

प्रश्न इतका सोपा करणं की तो खोटाच होतो

'कोनी २०१२' ही सुमारे तीस मिनिटांची चित्रफीत ५ मार्च २०१२ ला आली आणि सहा दिवसांत दहा कोटी वेळा पाहिली गेली. मुलांना पळवून सैनिक बनवणाऱ्या जोसेफ कोनीला पकडावं, ही मागणी रास्तच होती. पण त्याची टोळी काही वर्षांपूर्वीच युगांडातून बाहेर पडली होती. पाहणाऱ्या पुष्कळांचा समज मात्र तिथे अजून तसंच युद्ध चालू आहे, असा झाला. उत्तर युगांडातल्या लिरा शहरात ती पडद्यावर दाखवली, तेव्हा ज्यांनी ते सगळं सोसलं होतं तेच प्रेक्षक संतापले. कोणाची बाजू मांडताना निदान हे विचारा: हे त्यांनी वाचलं तर त्यांना पटेल का? त्या लोकांनी स्वतः लिहिलेलं, बोललेलं काही असेल तर आपलं भाष्य बाजूला ठेवून तेच पुढे पाठवा.

चांगल्या हेतूने गर्दी करण्याचाही तोटा होतो. २ जून २०२० ला असंख्य लोकांनी इन्स्टाग्रामवर काळे चौकोन टाकले आणि त्यांना 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' या वर्णद्वेषाविरुद्धच्या चळवळीचा हॅशटॅग जोडला. मोर्चांची, मदतीची आणि सुरक्षिततेची माहिती त्याच हॅशटॅगवर मिळत होती, ती या चौकोनांखाली गाडली गेली. कार्यकर्त्यांना हॅशटॅग काढून टाकण्याची विनंती करावी लागली. टॅग लावण्याआधी तो कोण, कशासाठी वापरतंय ते दोन मिनिटं पाहा.

फोटोंबद्दल. आकडेवारीपेक्षा एका मुलाची गोष्ट वाचून लोक जास्त मदत देतात, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. म्हणूनच रडणाऱ्या चेहऱ्याचा मोह होतो. पण ते मूल पुढे मोठं होणार आहे आणि तो फोटो तेव्हाही सापडणार आहे. परवानगी घ्या, नाव बदला, हातांचा किंवा घराचा फोटो वापरा. मोर्चातल्या लोकांचे चेहरे अस्पष्ट करा. सिग्नल ॲपमध्ये ती सोय २०२० पासून आहे. व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तो कुठे काढला ही माहिती त्यासोबत जाऊ शकते, हेही लक्षात असू द्या.

आणि एकच मागणी करा. अंगावर बर्फाचं पाणी ओतून घेण्याच्या, २०१४ मधल्या 'आइस बकेट चॅलेंज'ची थट्टा पुष्कळ झाली, पण त्यात देणगी कुठे द्यायची हे स्पष्ट होतं. एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी काम करणाऱ्या, अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे आठ आठवड्यांत साडेअकरा कोटी डॉलर जमले. त्या पैशाच्या मदतीने झालेल्या संशोधनातून २०१६ मध्ये या आजाराशी संबंधित एनईके१ जनुकाची ओळख पटली. उलट 'जागरूकता पसरवा' एवढंच लिहिलं, तर शेअर करणाऱ्याला आपलं काम झालं असं वाटतं. २०१४ च्याच एका अभ्यासात, चारचौघांत दिसेल असा नुसता प्रतीकात्मक पाठिंबा देणारे लोक नंतर प्रत्यक्ष मदत करायला फारसे पुढे आले नाहीत.

तांत्रिक अडचणी, थोडक्यात

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधल्या लिंकवर टॅप होत नाही. स्टोरीत लिंक स्टिकर लावा किंवा लिंक प्रोफाइलमध्ये ठेवा. फेसबुकवर लिंकसोबत जुनंच चित्र दिसत असेल आणि ते पान तुमचं असेल, तर फेसबुकच्या 'शेअरिंग डीबगर'मध्ये पत्ता टाकून पुन्हा वाचायला लावा.

जुन्या फाइलमधला मराठी मजकूर पेस्ट केल्यावर भलतीच चिन्हं उमटत असतील, तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांवर चालणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत, नाही. फॉन्ट कन्व्हर्टरमधून काढा आणि जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासा, कविता असेल तर नक्कीच.

चित्रावर लिहिलेल्या ओळी स्क्रीन रीडरला (दृष्टिहीनांना स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीला) बहुधा नीट वाचता येत नाहीत आणि शोधल्यावर सहसा सापडतही नाहीत. तोच मजकूर कॅप्शनमध्ये किंवा चित्राच्या वर्णनात लिहा. देवनागरीत इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरं नसल्यामुळे लांब हॅशटॅगमधले शब्द अंडरस्कोरने तोडा.

चुकीचं शेअर झालंच तर

पोस्ट गुपचूप काढून टाकली तर ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांना काहीच कळत नाही. पोस्ट संपादित करता येत असेल तर वर 'दुरुस्ती' लिहून काय चुकलं आणि बरोबर काय ते सांगा. व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटांत बदलता येतो आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सर्वांसाठी काढून टाकता येतो. त्यानंतर उपाय एकच: ज्या-ज्या ग्रुपवर तो गेला तिथे नवा मेसेज टाका, आणि ज्यांनी पुढे पाठवल्याचं तुम्हाला ठाऊक आहे त्यांना वेगळं कळवा. भलत्याच्या नावावर गेलेली कविता असेल, तर त्या मेसेजमध्ये खऱ्या कवीचं नाव आणि त्याच्या लेखनाचा दुवा द्या.